मोबाईल ॲपमधील ध्वनिमुद्रण व चित्रमुद्रण : शिक्षकांसाठी एक अभ्यासपाठ



2020 साली शाळा बंद राहिल्या, तेव्हा मुलांचे वाचन, पाढे आणि कविता आपल्यापर्यंत मोबाईलच्या मार्गाने येऊ लागल्या. त्या काळात लागलेली सवय शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही टिकून राहिली आहे. आज वाचनाची नोंद, पाठाचे चित्रण, सहलीचा वृत्तान्त या सर्वांसाठी शिक्षकाचा हात सहजच खिशातील मोबाईलकडे जातो. ज्यांना आपण तंत्रस्नेही शिक्षक म्हणून ओळखतो, त्यांच्यापैकी काहींनी तर आपल्या वर्गासाठी स्वतः ॲप तयार केली आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि जे साधन आपण नित्य हाताळतो, त्याच्या आत काय घडते याचे ज्ञान नसेल, तर काम अर्धवट होते, आणि कित्येकदा मुलाचे नुकसानही होते. म्हणून प्रस्तुत पाठाची योजना केली आहे.

1. पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर शिक्षकास पुढील गोष्टी साध्य व्हाव्यात, अशी अपेक्षा आहे :

(अ) ॲप आवाज व हलते चित्र कसे टिपते, हे वर्गास सोप्या शब्दांत सांगता येणे.
(आ) ध्वनिमुद्रणाचे एक लहान ॲप कोणत्या क्रमाने रचावे, हे समजणे.
(इ) परिसरातील बोलीचा एक छोटा ध्वनिसंग्रह मुलांकडून करवून घेता येणे.
(ई) मुद्रणापूर्वी कोणाची संमती घ्यावयाची व ती का, हे निश्चितपणे उमजणे.

या चारांत शेवटचे उद्दिष्ट सर्वांत महत्त्वाचे समजावे.

2. विषयविवेचन

*आवाजाचे आकडे कसे होतात?* आवाज म्हणजे हवेतील कंपने. मायक्रोफोनचा नाजूक पडदा या कंपनांबरोबर हलतो व त्या हालचालीचे विजेच्या चढउतारात रूपांतर होते. परंतु मोबाईलला विजेचा चढउतार साठविता येत नाही. त्याला फक्त आकडे साठविता येतात. म्हणून तो ठरावीक अंतराने हा चढउतार मोजीत राहतो. तापाच्या रोग्याचे तापमान परिचारिका दर तासाला तक्त्यावर मांडते आणि मागाहून ते बिंदू जोडून तापाची रेषा काढते, तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, मोबाईल हे मोजमाप एका सेकंदात हजारो वेळा करतो.

किती वेळा मोजावे, याला नियम आहे. ज्या सर्वांत उंच कंपनाची नोंद हवी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप झाले पाहिजे. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणून संगीताच्या तबकडीसाठी सेकंदाला 44,100 मोजमापे ठरविण्यात आली. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीस 8,000 मोजमापे पुरतात, कारण बोलण्याचा अर्थ समजला म्हणजे त्याचे काम झाले.

भाषाशिक्षकाने हा फरक विशेष लक्षात ठेवावा. ‘स’ आणि ‘श’ यांच्यातील भेद मुख्यतः उंच कंपनांत असतो, आणि ‘स’चे पुष्कळसे बळ 4,000 कंपनांच्या वर असते. 8,000 मोजमापांच्या मुद्रणात तो भाग मुळी उतरतच नाही. मग ‘सात’ आणि ‘शाळा’ यांतील पहिले वर्ण एकमेकांजवळ आल्यासारखे ऐकू येतात आणि मुलाचा उच्चार शुद्ध असूनही शिक्षकास तो सदोष वाटू शकतो. ॲपमध्ये ‘एएमआर नॅरोबँड’ हा दूरध्वनीसाठी योजलेला प्रकार निवडला असेल, तर हा दोष हटकून येतो. उच्चारांच्या अभ्यासासाठी किमान 16,000 आणि जागा असल्यास 44,100 मोजमापांचा पर्याय निवडावा. मुलाच्या उच्चारावर लाल शेरा मारण्यापूर्वी दोष जिभेचा आहे की यंत्राचा, एवढे तपासणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.

*जागेचा हिशोब.* हा हिशोब वरच्या वर्गातील मुलांना गणिताच्या तासाला घालावा. सेकंदाला 44,100 मोजमापे, प्रत्येक मोजमापास 2 बाईट, तर एका मिनिटास 52,92,000 बाईट होतात. हाच आवाज ‘एएसी’ या पद्धतीने सेकंदाला 64,000 बिट इतका आवळला, तर मिनिटास 4,80,000 बाईट, म्हणजे मूळच्या सुमारे अकरावा हिस्सा पुरतो. कानाला जे सहसा जाणवत नाही ते गाळून ही बचत साधलेली असते.

*हलत्या चित्राचे आकडे.* चित्राची गोष्ट याहून मोठी आहे. 1280 गुणिले 720 ठिपक्यांच्या एका चित्रात 9,21,600 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी एकेक बाईट धरला, तर एका चित्रास 27,64,800 बाईट लागतात. सेकंदाला 30 चित्रे घेतली की हा आकडा 8,29,44,000 होतो, आणि एका मिनिटात 497 कोटींच्या पुढे जातो. इतका भार कोणताही साधा मोबाईल पेलू शकणार नाही. म्हणून ॲप प्रत्येक चित्र पूर्णपणे साठवीत नाही. अधूनमधून एक चित्र संपूर्ण ठेवते व पुढील चित्रांत काय बदलले तेवढेच नोंदवते. फळा स्थिर आहे आणि केवळ गुरुजींचा हात हलतो आहे, तर हाताचीच नोंद होते. सेकंदाला 25 लक्ष बिट इतके आवळलेले चित्रण मिनिटाला 1,87,50,000 बाईटांत बसते.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. मोबाईल हातात धरून चित्रण केले की थरथरीमुळे संपूर्ण दृश्यच क्षणोक्षणी बदलते. बदलांची नोंद वाढते आणि तेवढ्याच जागेत चित्र धूसर होते. पुस्तकांच्या थप्पीला टेकवून स्थिर ठेवलेला मोबाईल अधिक स्वच्छ चित्र देतो. त्यासाठी महागड्या साधनाची गरज नाही.

3. ॲपचे काम कोणत्या क्रमाने चालते?

ॲपमध्ये चित्रण आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात ॲप स्वतः काही टिपत नाही. ते मोबाईलमधील मूळच्या कॅमेऱ्याला बोलावते, काम सोपविते आणि तयार झालेली फाईल परत घेते. दुसऱ्या मार्गात ॲप मायक्रोफोन व कॅमेरा स्वतःच्या ताब्यात घेते. पहिला मार्ग सोपा असून नवशिक्यास योग्य आहे; दुसऱ्यात नियंत्रण अधिक, पण जबाबदारीही अधिक.

दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्या अँड्रॉइड ॲपला पुढील क्रम पाळावाच लागतो :

(1) परवानगी मागणे; (2) आवाज कोठून घ्यावयाचा ते सांगणे; (3) फाईलचा प्रकार, मुद्रणाची पद्धत आणि फाईलची जागा ठरविणे; (4) यंत्रणा सज्ज करणे; (5) मुद्रण सुरू करणे; (6) थांबविणे; (7) मायक्रोफोन व कॅमेरा मोकळे करणे.

क्रम चुकला तर ॲप बंद पडते. शेवटच्या दोन पायऱ्यांकडे बहुधा दुर्लक्ष होते, म्हणून त्यांचे कारण सांगतो. ‘एमपी4’ प्रकारच्या फाईलमध्ये कोणता भाग कोठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि ती साधारणपणे मुद्रण थांबविल्यानंतर शेवटी लिहिली जाते. बॅटरी संपली किंवा ॲप मध्येच बंद झाले, तर मजकूर असूनही अनुक्रमणिका नसल्यामुळे फाईल उघडत नाही. यास्तव लांबलचक मुद्रण एकसलग न करता तीन-चार मिनिटांचे भाग करावेत. तसेच मायक्रोफोन व कॅमेरा ही सामाईक साधने आहेत. विहिरीवरचा पोहरा वापरून झाल्यावर दुसऱ्यासाठी मोकळा ठेवावा, तद्वत ॲपनेही ही साधने काम होताच सोडली पाहिजेत.

ज्यांना स्वतः ॲप करून पाहावयाचे असेल, त्यांनी ‘एमआयटी ॲप इन्व्हेंटर’ या विनामूल्य साधनाने आरंभ करावा. 2010 साली गूगलने सुरू केलेले हे साधन पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेने आपल्याकडे घेतले. त्यात संगणकाची भाषा टंकावी लागत नाही. ठोकळे जुळवावे लागतात. पडद्यावर दोन बटणे ठेवावीत : ‘सुरू’ व ‘थांबा’. ‘साउंडरेकॉर्डर’ हा घटक घ्यावा. पहिल्या बटणास मुद्रण सुरू करण्याचा ठोकळा जोडावा, दुसऱ्यास थांबविण्याचा. मुद्रण पूर्ण झाल्यावर फाईलचा पत्ता हाती येतो. तो ध्वनिवादकाच्या घटकास दिला की आवाज ऐकू येतो. चित्रणासाठी ‘कॅमकॉर्डर’ हा घटक आहे. तो वर सांगितलेल्या पहिल्या मार्गाने, मोबाईलच्या मूळच्या कॅमेऱ्याकडून काम करवून घेतो.

आणखी एक दक्षता. ॲपने स्वतःच्या खासगी जागेत ठेवलेल्या फाईली, ते ॲप मोबाईलवरून काढून टाकले की बरोबरच नाहीशा होतात. वर्षभराचा संग्रह असा क्षणात जाऊ नये, म्हणून महिन्यातून एकदा त्याची प्रत शाळेच्या संगणकावर घ्यावी.

4. परवानगी कोणाची?

आता पाठाच्या गाभ्याकडे वळू. 2015 साली आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून ॲपला मायक्रोफोन किंवा कॅमेरा प्रथम वापरताना पडद्यावर परवानगी विचारावी लागते. 2018 च्या नवव्या आवृत्तीपासून पडद्याआड गेलेल्या ॲपला ही साधने मनमानेल तशी वापरता येत नाहीत. 2020 च्या अकराव्या आवृत्तीत ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याची सोय झाली आणि 2021 च्या बाराव्या आवृत्तीपासून मायक्रोफोन किंवा कॅमेरा चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसू लागली. आयफोनमध्येही अशीच व्यवस्था आहे. तेथे तर ही साधने कशासाठी हवीत, याचे कारण ॲप करणाऱ्याने आधी लिहून ठेवावे लागते.

परंतु नीट विचार करा. मोबाईल परवानगी विचारतो ती मोबाईल ज्याच्या हातात आहे त्याला. ज्याचा आवाज किंवा चेहरा टिपला जाणार आहे, त्याला तो काहीच विचारीत नाही. वर्गात मोबाईल असतो शिक्षकाच्या हाती आणि समोर असते मूल. ‘परवानगी आहे’ या शब्दांवर बोट ठेवणारे आपण, आणि ज्याचा आवाज जातो ते दुसरेच. ही उणीव कोणताही ॲपकर्ता भरून काढू शकणार नाही. ती शिक्षकानेच भरून काढावयाची आहे.

एका शाळेत घडलेला प्रकार येथे सांगणे उपयुक्त होईल. तिसरीतील एक मुलगी अडखळत वाचीत असे. तिची प्रगती दाखवावी या सद्हेतूने तिच्या वाचनाचे चित्रण पालकांच्या गटावर टाकण्यात आले. तेथून ते इतरत्र गेले. वस्तीतील मोठी मुले तिच्या अडखळण्याची नक्कल करू लागली. पुढे कित्येक आठवडे ती वर्गात मोठ्याने वाचावयास उभी राहीना. ज्या शिक्षिकेने चित्रण केले, तिच्या हेतूत खोट नव्हती. परंतु मुलीला किंवा तिच्या आईला कोणी विचारले नव्हते. वाचन सुधारण्यासाठी केलेल्या नोंदीनेच वाचन थांबविले.

नोव्हेंबर 2016 मध्ये मुलांची उपस्थिती वाढावी म्हणून शिक्षकांनी त्यांच्यासह छायाचित्रे काढून पाठवावीत, असा आदेश राज्यात निघाला होता. पुढे तो स्थगित झाला. त्या निमित्ताने झालेल्या चर्चेत मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, छायाचित्रांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे आला होता, आणि तो प्रश्न आजही तितकाच खरा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून, बालकाची वैयक्तिक माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. शिक्षणसंस्थांना काही मर्यादित सवलती असल्या, तरी त्यांच्या आधारावर न विचारता मुद्रण करणे उचित नव्हे. कायदा किमान मर्यादा सांगतो. शिक्षकाचा धर्म त्याच्या पुढे सुरू होतो.

5. उपयोजन : बेलापूरच्या खाडीकाठी एक पाठ

नमुन्यादाखल सीबीडी बेलापूर हे क्षेत्र घेऊ. 1970 साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर नव्या मुंबईचे हे व्यापारी केंद्र उभे राहिले. आज कोकण भवन, बँका व कार्यालये यांच्या इमारतींनी ते ओळखले जाते. परंतु या इमारतींच्या कडेला बेलापूर, शहाबाज, आग्रोळी, दिवाळे ही आगरी-कोळी वस्तीची जुनी गावे आजही आहेत. आजीच्या तोंडी एक बोली, शाळेच्या पुस्तकात दुसरी, आणि शेजारच्या संकुलात देशाच्या अनेक प्रांतांतील भाषा, अशा परिस्थितीत येथील मूल वाढते. शहराच्या कडेला आलेल्या आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांची स्थिती लवकरच अशी होणार असल्यामुळे हे उदाहरण सर्वांना उपयोगी पडेल.

आगरी-कोळी बोलीत ‘घोडा’ हा शब्द ‘घोरा’ असा, तर ‘डोळा’ हा ‘डोला’ असा ऐकू येतो. हे अशुद्ध बोलणे नव्हे; ते बोलीचे नियमित रूप आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 या काळात देशातील अनेक भाषा-बोलींचे ग्रामोफोनवर मुद्रण करण्यात आले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने मराठी बोलींच्या सर्वेक्षणात आवाज व चित्र या दोहोंचे संकलन केले आहे. पूर्वी ज्या कामासाठी जड यंत्रे वाहून न्यावी लागत, ते आज चौथीतील मुलगा खिशातील मोबाईलने करू शकतो. अर्थात शिस्त तीच हवी.

*पूर्वतयारी.* ‘खाडी आणि मासेमारी’ हा विषय घ्यावा. मुलांनी घरून वीस शब्द लिहून आणावेत : डोल, पाग, भरती, ओहोटी, उधाण, भांग, निवटी, चिंबोरी, जिताडा, बोंबील, जवळा असे. नंतर कोणत्या आजी-आजोबांकडून ते वदवून घ्यावयाचे, हे ठरवावे.

*हेतुकथन.* ज्यांचा आवाज घ्यावयाचा, त्यांच्याकडे मुलाने जाऊन स्वतः सांगावे : “आजी, शाळेसाठी तुझ्या तोंडचे शब्द घ्यायचेत. ते शाळेतच राहतील. घेऊ का?” आजी ‘नको’ म्हणाली, तर मोबाईल खिशात ठेवावा आणि शब्द वहीत लिहून घ्यावेत. ‘नको’ ऐकून परत फिरणे हाही या पाठाचा भाग आहे, असे मुलांना अगोदर बजावावे.

*मुद्रण.* महामार्ग व लोहमार्ग यांच्या आवाजापासून दूर, घराच्या आतील खोलीत बसावे. पंखा बंद करावा. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस धरावा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथा हिस्सा उरते, पण आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो; यामुळे जवळून धीम्या आवाजात बोललेले दुरून ओरडण्यापेक्षा स्वच्छ येते. प्रारंभी पाच सेकंद शांतता टिपावी, म्हणजे खोलीचा मूळ आवाज किती हे कळते. प्रत्येक शब्द दोनदा म्हणवून घ्यावा व शेवटी तो शब्द आलेले एक वाक्य.

*नोंद.* 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस त्या स्वतःचे नाव उच्चारीत, जेणेकरून तबकडी कोणाची हे कळावे. आपणही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी तारीख, गाव व विषय मुलाकडून वदवून घ्यावेत. मात्र मुलाचे पूर्ण नाव व पत्ता मुद्रणात येऊ देऊ नये; नावांची यादी वेगळ्या वहीत मुख्याध्यापकांकडे ठेवावी. मोबाईलमधील स्थाननिश्चितीची सोय चालू असेल, तर छायाचित्रात व चित्रणात जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जाऊ शकतात. म्हणून कॅमेऱ्यासाठी ती सोय आधी बंद करावी.

*समारोप.* वर्गात संग्रह ऐकवावा. ‘घोडा’ व ‘घोरा’ फळ्यावर शेजारी शेजारी लिहून, दोन्ही रूपे कोठे व केव्हा वापरतात, हे मुलांकडून काढून घ्यावे. ज्या मुलास आपली घरची बोली लपवावीशी वाटत होती, त्याच्या आजीचा आवाज वर्ग कान देऊन ऐकतो, तेव्हा त्या मुलाची मान आपोआप वर होते. प्रमाण मराठी शिकण्याची त्याची तयारी त्यामुळे वाढते.

6. संमतीविषयी शिक्षकांनी पाळावयाचे नियम

(1) पालकांची संमती वर्षारंभी लेखी घ्यावी. कशासाठी, कोठे ठेवणार व केव्हा पुसणार, हे तीत स्पष्ट असावे.
(2) पालकांची संमती असली तरी प्रत्येक वेळी मुलास विचारावे.
(3) मुद्रण प्रथम त्या मुलास ऐकवावे वा दाखवावे. त्यास नको असेल तर त्याच्या देखत पुसावे.
(4) चूक, अडखळणे, रडणे वा शिक्षा यांचे चित्रण गटावर कदापि टाकू नये. अध्यापनासाठी ते हवेच असेल, तर केवळ आवाज ठेवावा व काम संपताच पुसावा.
(5) अहवालासाठी पुरावा हवा असल्यास मुलांचे चेहरे टाळून वह्या, फळा व हस्तव्यवसायाच्या वस्तू यांचे चित्रण करावे. बहुतेक प्रसंगी तेवढे पुरते.
(6) कोणतेही नवे ॲप घेताना ते मायक्रोफोन मागत असेल, तर त्याच्या कामास मायक्रोफोन खरोखर लागतो काय, हे पाहावे. केवळ हजेरी मांडणाऱ्या ॲपला आवाजाची गरज नसते.

7. स्वाध्याय

(अ) 16,000 मोजमापे व प्रत्येकी 2 बाईट, तर एका मिनिटाच्या न आवळलेल्या मुद्रणास किती बाईट लागतील? (उत्तर : 19,20,000)
(आ) ‘सात, शाळा, साखर, शेत’ हे शब्द दोन वेगवेगळ्या मोजमापांवर मुद्रित करा आणि वर्गास न सांगता ऐकवा. मुलांना कोणता भेद जाणवला, ते नोंदवा.
(इ) आपल्या मोबाईलवरील कोणत्या ॲपना मायक्रोफोनची परवानगी आहे, याची यादी करा. ज्यांना गरज नाही त्यांची परवानगी काढून घ्या.
(ई) आपल्या गावच्या बोलीतील वीस शब्दांचा संग्रह वर सांगितलेल्या रीतीने करा. ज्यांनी नकार दिला, त्यांची संख्याही नोंदवा.

शेवटच्या स्वाध्यायातील नकारांची संख्या केंद्रसंमेलनात अवश्य सांगावी. ती शून्यच असेल, तर मुलांनी विचारले कसे, हे एकदा तपासून पाहावे.